आधी बटण दाबू नका!

जून उजाडला की लॅबमध्ये माझ्याकडे दोन प्रकारचे पेशंट यायला लागतात. एक, ज्यांच्या लॅपटॉपवर चहा सांडलाय ते. दुसरे, ज्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाणी शिरून कॅबिनेट भिजलंय ते. दोघांचा पहिला प्रश्न एकच असतो, “सर, जरा चालू करून बघू का?” माझं उत्तरही ठरलेलं आहे. नाही! या लेखात त्या ‘नाही’मागचं कारण सांगायचं आहे आणि मग नक्की काय करायचं तेही. बाइकवाल्यांनी आणि स्टाफ पार्किंगमधल्या गाडीवाल्यांनीही शेवटपर्यंत वाचावं, कारण मूळ नियम दोन्हीकडे एकच आहे.

दहिसरचा धडा

मी दहिसरचा. पश्चिम रेल्वेवर मुंबईची हद्द संपते ते आमचं स्टेशन. पुढचं मीरा रोड म्हणजे ठाणे जिल्हा. आमची दहिसर नदी संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुळशी तलावाजवळ उगम पावते आणि साधारण बारा किलोमीटर वाहून मनोरीच्या खाडीला मिळते. एरवी ती नदी आहे हे नवख्या माणसाला सांगावं लागतं. पण २६ जुलै २००५ ला तिने स्वतःच सांगितलं. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला ७५ मिलिमीटरसुद्धा पडला नव्हता. म्हणजे सगळा मारा उपनगरांवर. डोंगरातून येणारं पाणी, गाळाने भरलेलं पात्र आणि खाडीतली भरती असं तिन्ही जुळून आलं, आणि नदीकाठच्या वस्त्यांमध्ये पाणी घुसलं.

मी तेव्हा डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होतो. आमच्या तळमजल्यावर शेजारीशेजारी दोन कॉम्प्युटर बुडाले. एक होता लग्नपत्रिकांचं डीटीपी करणाऱ्या काकांचा, दुसरा इंजिनीअरिंगच्या एका मुलाचा. दोन्ही एकाच पाण्यात, सारखाच वेळ. वीज दोन दिवस नव्हती. तिसऱ्या दिवशी आली तेव्हा त्या मुलाच्या थोरल्या भावाने कॅबिनेट बाहेरून पुसून कोरडं केलं आणि बटण दाबलं. एक ‘फट्’ आवाज, जळका वास आणि खेळ खलास! मदरबोर्ड गेला, सोबत हार्ड डिस्कही गेली. मुलाचा प्रोजेक्ट फक्त त्या डिस्कवर होता. पुढचे चार महिने त्याने तो पुन्हा पहिल्यापासून केला.

काकांना मात्र एका जुन्या रेडिओ मेकॅनिकने बजावलं होतं, “प्लगला हात लावू नका. आधी सगळं सुटं करा आणि धुवा.” धुवा! आम्ही मदरबोर्ड चक्क नळाखाली धरला तेव्हा गल्लीतली पोरं हसायला लागली. मग तो नऊ दिवस पंख्याखाली वाळवला. लॅमिंग्टन रोडवरून नवा एसएमपीएस आणि डिस्क आणली, आणि मशीन सुरू झालं. मॉनिटर भंगारात गेला, पण धंदा वाचला. काकांच्या फायली माळ्यावरच्या सीड्यांमध्ये होत्या म्हणून जुन्या डिस्कसाठी रडावं लागलं नाही.

आता तुम्ही म्हणाल, एका उदाहरणावरून काय सिद्ध होतं? बरोबर आहे. म्हणून थोडं शास्त्र बघू.

पाणी मारत नाही, मग कोण मारतं?

कारखान्यात सोल्डरिंग झाल्यावर अनेक सर्किट बोर्ड पाण्यानेच धुतले जातात. म्हणजे बोर्डाला पाण्याचं वावडं नाही. वावडं आहे ते दोन गोष्टींचं. एक, पाण्यात विरघळलेले क्षार आणि घाण. दोन, ओल्या बोर्डावर असलेली वीज.

शुद्ध पाणी विजेचं फार वाईट वाहक आहे. क्षार मिसळले की ते वाहक होतं. समुद्राचं पाणी नळाच्या पाण्यापेक्षा शंभरपटीहून जास्त वीज वाहून नेतं. आमच्याकडे पुराचं पाणी म्हणजे गटार, तबेल्यांचं शेण, गाळ आणि वर खाडीचं खारं पाणी. ओल्या बोर्डाला वीज मिळाली की शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये चक्क इलेक्ट्रोलिसिस सुरू होतं, अकरावीत शिकलो तेच. पॉझिटिव्ह बाजूचं तांबं विरघळतं आणि निगेटिव्ह बाजूला झाडाच्या फांद्यांसारखं वाढत जातं. या फांद्या दोन पट्ट्यांना जोडतात आणि शॉर्ट होतो. तोच बोर्ड वीज न लावता ठेवला तर फक्त साधा गंज चढतो, आणि त्याला वेळ लागतो. तेवढ्यात आपण तो धुऊन घेऊ शकतो.

गंमत म्हणजे ‘मी बटण बंद केलं होतं’ याला काही अर्थ नाही. एटीएक्स एसएमपीएसचा प्लग भिंतीत असून स्विच चालू असेल तर कॉम्प्युटर बंद असतानाही बोर्डावर पाच व्होल्टचा स्टँडबाय सप्लाय चालू असतो. आणि प्लग काढला तरी बोर्डावरचा सीआर२०३२ हा बटणाएवढा सेल तीन व्होल्ट देतच राहतो. म्हणून तो सेल काढणं हे पहिल्या कामांपैकी एक.

कॉम्प्युटर: क्रमाने काय करायचं

१. खोलीत पाणी असेल तर आधी मेन स्विच किंवा एमसीबी बंद. ते पाण्यात उभं राहून नाही. बोर्ड कोरड्या जागी असेल तरच, नाहीतर हॉस्टेलच्या वायरमनला बोलवा. यूपीएस विसरू नका. प्लग काढला तरी त्यातली बॅटरी २३० व्होल्ट बाहेर देते.

२. रबरी हातमोजे घाला. ही नाटकं नव्हेत. २००५ च्या पुरानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली होती. हातापायाला जखम असेल तर चिखलाला हात लावू नका.

३. कॅबिनेट उघडून सेल, रॅम, कार्डं, केबल, डिस्क काढा. काढण्याआधी प्रत्येक केबलचा मोबाइलवर फोटो घ्या. आमच्या वेळी कागदावर चित्र काढावं लागायचं.

४. बोर्ड, रॅम आणि कार्डं स्वच्छ पाण्याने धुवा, मऊ पेंटब्रशने चिखल काढा. स्लॉटच्या आत आणि चिपच्या खाली साका राहतो, तिकडे जास्त लक्ष. शेवटचं पाणी डिस्टिल्ड घ्या, बॅटरीत घालायचं मिळतं ते. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, म्हणजे दुकानातलं ‘आयपीए’, ब्रशने लावा. ते पाण्याला सोबत घेऊन उडून जातं. काम खिडकी उघडी ठेवून करा. ते पेट घेतं, जवळ सिगरेट किंवा शेगडी नको.

५. सावलीत, पंख्याखाली, उभं करून वाळवा. किती दिवस? दिल्लीच्या मे महिन्यात एक दिवस पुरेल. आपल्याकडे जुलैच्या दमट हवेत टॉवेलसुद्धा वाळत नाही, तर बोर्ड कुठला वाळणार! चार-पाच दिवस पंखा आणि मग एक दिवस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर. हेअर ड्रायरची गरम हवा नको, प्लॅस्टिकचे कनेक्टर वाकडे होतात. आणि तांदळात ठेवणं हा नुसता टाइमपास आहे. तांदूळ हवेतला थोडा ओलावा घेतो, चिपखालचे क्षार काही घेत नाही. उलट स्लॉटमध्ये पीठ जातं.

पूर्वी दुरुस्तीवाल्यांकडे ‘सीटीसी’ नावाचं द्रव असायचं, कार्बन टेट्राक्लोराइड. साफ छान व्हायचं, पण ते लिव्हरला विष आणि ओझोनच्या थराला घातक. माँट्रियल करारानुसार २०१० पर्यंत त्याचा असा वापर बंद झाला. कुणाच्या कपाटात जुनी बाटली असेल तर वापरू नका. पेट्रोल आणि थिनरही नको.

ज्याला हात लावायचा नाही

एसएमपीएस उघडू नका. २३० व्होल्ट एसी सरळ केल्यावर आतल्या कपॅसिटरवर सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठतात (२३० गुणिले वर्गमूळ दोन, व्हायव्हात विचारतात!). प्लग काढल्यावरही ते काही वेळ तसेच राहू शकतात. बुडालेला एसएमपीएस सरळ बदला. मदरबोर्ड आणि प्रोसेसर यांच्यापुढे त्याची किंमत किरकोळ आहे. जुना पिक्चर ट्यूबवाला मॉनिटर कुणाकडे असेल तर तोही उघडू नका, ट्यूबवर हजारो व्होल्ट असतात.

हार्ड डिस्कवर महत्त्वाचा डेटा असेल तर ती चालू करू नका, उघडू नका आणि वाळवूही नका. हे शेवटचं वाचून चमकलात ना? साध्या डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं, त्यातून गढूळ पाणी आत गेलेलं असू शकतं. ते आतच वाळलं की गाळ प्लॅटरवर चिकटतो. डेटा रिकव्हरीवाले म्हणूनच सांगतात की डिस्क ओलसर असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून लवकर आणून द्या. खर्च बराच येतो. तेव्हा बॅकअप हा सर्वांत स्वस्त उपाय. एक कॉपी हॉस्टेलच्या खोलीत, एक घरी, एक ऑनलाइन.

लॅपटॉपवर काही सांडलं तर चार्जर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून तो बंद करा, अर्धा उघडून तंबूसारखा पालथा ठेवा. मग मागचं झाकण उघडून सगळ्यात आधी बॅटरीचा कनेक्टर काढा. पाणी सांडलं असेल तर वाचायची आशा बरी. गोड चहा किंवा कोल्ड्रिंक असेल तर वाळवून भागत नाही, साखरेचा पाक आयपीएने धुवावाच लागतो. लिथियम बॅटरी फुगली किंवा बुडून भिजली असेल तर चार्जिंगला लावू नका. ती पेट घेऊ शकते. खोलीबाहेर, सिमेंटच्या फरशीवर ठेवा आणि ई-कचऱ्यात द्या.

आता चालू करायचं

सगळं खडखडीत वाळलं? तरी एकदम सगळं जोडून बटण दाबायचं नाही. आधी मल्टिमीटर घ्या. बोर्डाच्या पॉवर कनेक्टरवर बारा, पाच आणि ३.३ व्होल्टच्या पिना ग्राउंडशी शॉर्ट तर नाहीत ना ते बघा. बीपर एकसारखा वाजत राहिला तर थांबा. अजून ओल आहे किंवा एखादा भाग गेला आहे. (३.३ च्या पिनेवर रीडिंग जरा कमीच येतं, शेजारच्या चांगल्या मशीनशी ताडून बघा.)

नवा एसएमपीएस आधी एकटा तपासा. २४ पिनांच्या कनेक्टरमधली हिरवी वायर कुठल्याही काळ्या वायरीला जोडली की तो सुरू होतो. लोड म्हणून एक कॅबिनेटचा पंखा लावा. व्होल्टेज पाच टक्क्यांच्या आत हवं, म्हणजे बाराच्या जागी ११.४ ते १२.६.

मग बोर्ड, प्रोसेसर, त्याचा पंखा आणि एकच रॅम. बाकी काही नाही. सुरू झालं तर बंद करून दुसरी रॅम जोडा, मग ग्राफिक कार्ड, मग डिस्क. एका वेळी एकच. कुठे गाडी अडली ते लगेच कळतं. कोरड्या मशीनच्या बिघाडातही हीच रीत वापरा. आपल्याकडे मुलं रॅम, डिस्क आणि विंडोज एकदमच बदलतात, मशीन चालतं, पण काय बिघडलं होतं ते कुणालाच कळत नाही. रॅमचे पाय खोडरबरने घासायची हॉस्टेलची जुनी विद्या आहे. चालते, पण त्याने सोन्याचा मुलामा झिजतो आणि रबराचा भुसा स्लॉटमध्ये जातो. आयपीए लावलेला कपडा बरा.

बाइक आणि कार: अर्धी कटिंग पुरते!

आता मेकॅनिकलवाल्यांनी सरसावून बसावं. बोर्डात जे काम वीज करते ते इंजिनात पिस्टन करतो. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. हिशोब करू. १२०० सीसीच्या चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर ३०० सीसीचा. कॉम्प्रेशन रेशो दहा धरला तर पिस्टन वर गेल्यावर उरलेली जागा ३०० भागिले ९, म्हणजे ३३ सीसी. टपरीवरच्या कटिंगच्या निम्मं! एवढ्याहून जास्त पाणी सिलिंडरमध्ये असेल आणि तुम्ही सेल्फ मारला, तर पिस्टनला जायला जागाच नाही. कनेक्टिंग रॉड वाकतो, इंजिन खोलावं लागतं. शंभर सीसीच्या बाइकला, रेशो नऊ धरून, १२.५ सीसी म्हणजे अडीच चमचे पुरतात. आणि विम्याचं म्हणाल तर पाण्यात सेल्फ मारून झालेलं इंजिनाचं नुकसान साध्या पॉलिसीत सहसा बसत नाही, त्यासाठी ‘इंजिन प्रोटेक्ट’ वेगळं घ्यावं लागतं.

म्हणून बुडालेल्या बाइकला किक मारू नका. क्रम असा. चावी बंद, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. प्लग पान्याने स्पार्क प्लग काढा, मग हळूहळू किक मारा. पाणी पिचकारीसारखं भोकातून बाहेर येईल, तोंड लांब ठेवा. ऑइलची काडी बघा. ऑइल दूध घातलेल्या कॉफीसारखं दिसलं तर त्यात पाणी आहे. ते काढून टाका, स्वस्त ऑइल भरा. कार्ब्युरेटर असेल तर फ्लोट चेंबरचा ड्रेन स्क्रू सोडा. टाकीतलं पेट्रोलही काढा. पाणी जड, ते तळाशी बसतं. शिवाय आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलमध्ये ते आणखी घोळ घालतं. कागदी एअर फिल्टर बदला, फोमचा असेल तर धुवा. मग सुरू करा, पाच मिनिटं चालवा, ते ऑइलही फेका आणि योग्य ग्रेडचं भरा. फ्युएल इंजेक्शनच्या बाइकला ईसीयू आणि सेन्सर आहेत, तिथे कनेक्टर सुकवण्यापलीकडे स्वतः जाऊ नका.

कार असेल तर टो करून गॅरेजला न्या. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड असेल तर नारिंगी केबलना अजिबात हात लावू नका. आणि गाडी पाण्यात अडकली तर गाडीपेक्षा आपण महत्त्वाचे. २६ जुलैला मुंबईत बंद काचांच्या गाड्यांमध्ये अडकून माणसं गेली. पाणी वाढतंय असं दिसताच काच खाली करा आणि बाहेर पडा. डॅशबोर्डात एक छोटी हातोडी असू द्या.

राहिली साफसफाई. इंजिन गॅरेजवाला बघेल, पण आतला चिखल तो अर्धवटच काढतो. तो लगेच काढा, वाळून दगड होण्याआधी. मॅट तर काढाच, पण कार्पेटखालचं जाड नमदं उचलून बघा. वास तिथूनच येतो, आणि पत्रा तिथूनच सडतो. फ्लोअरला रबरी बुचं असतात, ती काढली की पाणी निघून जातं. सीटबेल्ट पूर्ण ओढून धुवा. सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगचे आहेत, त्यांना हात नको.

बाहेरून मात्र उलटं. वाळलेला चिखल कपड्याने पुसू नका, तो पॉलिश पेपरचं काम करतो. आधी भरपूर पाणी, वरून खाली. मग दोन बादल्या, एकीत कार शॅम्पू, दुसरीत कपडा खळबळायला साधं पाणी. कपडे धुवायची पावडर वापरली की वॅक्स निघून जातं. खाली चाकांच्या कमानी आणि चासी नळीने नीट धुवा, खारं पाणी तिथेच बसतं. मायक्रोफायबरने पुसा आणि मगच वॅक्स लावा. ब्रेक ओले असतात, पहिले काही मीटर हळू चालवत ब्रेक दाबत राहा.

एवढं सगळं करूनही काही मशीनं वाचत नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो. खाऱ्या पाण्यात बुडून चार दिवस पडलेला बोर्ड धुतल्यावर सुरू झाला तरी सहा महिन्यांनी दगा देऊ शकतो. म्हणून चालू झाल्याबरोबर पहिलं काम डेटा काढून घेणं, गाणी लावणं नव्हे!

आणि पावसाळ्याआधीची तयारी अगदी सोपी आहे. तळमजल्यावरच्यांनी कॅबिनेट आणि एक्स्टेन्शन बोर्ड जमिनीवरून उचलून टेबलावर ठेवावेत. एक स्टारचा स्क्रूड्रायव्हर, साधा मल्टिमीटर, पेंटब्रश, आयपीएची बाटली, रबरी हातमोजे आणि सिलिका जेल एवढा सेट विंगमध्ये वर्गणी काढून घेता येतो. महिन्याच्या कँटीनच्या उधारीपेक्षा तो स्वस्त पडेल. मल्टिमीटर वापरायला शिकायचा असेल तर लॅबमध्ये या, शिकवीन. फक्त येताना ओलं मशीन चालू करून आणू नका!